भिंतीपलीकडचा खर्ज

आमच्या घरात संशय पगारी होता. बाबा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत. दुसऱ्यांनी जीव तोडून लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो कुठे लबाडी करतो ते शोधायचं, याचेच त्यांना पैसे मिळत. अशा माणसानं संध्याकाळी घरी येऊन भोळं व्हावं ही अपेक्षा चूकच. दुधाच्या खोक्यावरची तारीख, सुपरमार्केटमधली फार लालबुंद सफरचंदं, माझ्या शाळेतल्या बाईंनी केलेलं कौतुक, सगळ्याकडे ते डोळे बारीक करून बघत आणि विचारत, "एवढं चांगलं कसं काय?" मला वारशात शेत मिळालं नाही, दागिने बेताचेच मिळाले, हा प्रश्न मात्र अख्खा मिळाला. आज फुनाबोरीतल्या माझ्या घरी मुलगा पाठमोरा राहूनच जपानीत सांगतो की गृहपाठ झाला, तेव्हा माझेही डोळे आपोआप बारीक होतात, आणि तो म्हणतो, "मम्मा, आजोबांसारखी बघू नकोस."

मी शाळेत असताना आम्ही जपानात, टोकियोजवळ ग्योतोकुला राहत होतो. स्टेशनपासून सायकलनं जवळ, जुन्या इमारतीत तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक लांबट बाल्कनी. ही बाल्कनी खरं तर सगळ्या मजल्याची एकच. घराघरांमध्ये फक्त एक पातळ पांढरा सिमेंटचा पत्रा उभा. आग लागली तर तो लाथेनं फोडून शेजाऱ्याकडे पळायचं, असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी पत्रा बोटानं वाजवून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे त्यालाही इकडे येता येईल." पत्र्याखाली वीतभर फट होती. पुलावरून ट्रेन गेली की स्वयंपाकघरातल्या वाट्या किणकिणत, आणि संध्याकाळी पाच वाजता गावभर लावलेल्या भोंग्यांवरून मुलांना घरी बोलवायची एक उदास धून वाजे. मला ती अजूनही झोपेतून उठवेल.

पण आमच्या घराचा खरा आवाज होता आईचा खर्ज. आई पुण्यात बरीच वर्षं गाणं शिकली होती आणि मैफली नुकत्या मिळू लागल्या असताना बाबांच्या नोकरीपायी इकडे आली होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, आणि न बोलल्यामुळे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पहाटे उठून ती आतल्या खोलीत तातामीच्या जाड चटईवर बसे, तंबोऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावी आणि खालच्या सप्तकातला सा धरून ठेवी. एकच स्वर, श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा तोच. मी पांघरुणात पडून तो ऐके. पोटात काहीतरी गरम ठेवल्यासारखं वाटे. मग यंत्र बंद होई, कुकरची शिट्टी होई, ज्वारीचं पीठ मिळालं असेल तर भाकरी थापल्याचे आवाज येत, आणि त्या सगळ्याच्या जोडीला बाबांची कवायत चाले. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवल्यापासून बाबांनी टीव्हीवरची सकाळची कवायत मनावर घेतली होती. पियानोच्या तालावर सगळा जपान हात हलवतो, त्यात एक भारतीय माणूस पायजम्यात भर घालत होता. शेवटी उड्या असत. उड्या मारताना बाबा जपानीत आकडे मोजत आणि स्वतःवर फार खूश असत.

पत्र्यापलीकडे एक जोडपं राहायला आलं ते त्याच उन्हाळ्यात. दारावर पाटी जपानी आडनावाची. बाई फुमिए-सान, पन्नाशी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, लिफ्टमध्ये भेटल्या की कमरेतून वाकणाऱ्या. आणि त्यांचा नवरा गोरा, उंच, साठीच्या बराच पुढचा, पांढरे केस मानेवर रुळणारे, ढगाळ दिवशीसुद्धा काळा चष्मा. तो नमस्कार करताना आवाज काढत नसे, नुसती मान हलवी. फुमिए-सान म्हणाल्या, हा रेमी, फ्रान्सचा आहे, गायक होता, रॉक गाणारा, त्याच्या देशात त्याला सगळे ओळखतात.

"रॉक गायक," बाबा घरात आल्यावर म्हणाले. "सगळे ओळखतात. आणि राहतो कुठे, तर ग्योतोकुला."

आई म्हणाली, "आपणही राहतोच की."

"आपण कुठे म्हणतोय आपल्याला कोणी ओळखतं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी लिफ्टमध्ये त्याच्याशी इंग्रजीत बोलून पाहिलं. रेमी हसला, हात हलवला, इंग्रजी येत नाही अशी खूण केली. झालं. रॉक गाणारा आणि इंग्रजी येत नाही! बाबांनी नुसत्या 'रेमी' एवढ्या नावावर इंटरनेट धुंडाळलं, शेकडो रेमी निघाले, त्यात एक स्वयंपाकी होता, एक सायकलपटू होता, आमचा कुठला ते कळेना. मग ते त्याच्यावर लक्ष ठेवू लागले. तो भर दुपारी घरी असतो. काचेच्या कचऱ्याच्या दिवशी त्याच्या बाटल्या मोजण्यापलीकडच्या असतात. तो कोणाशी बोलत नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट मी शोधली होती. पहाटे पाणी प्यायला उठले असताना बाल्कनीकडे बघितलं तर पत्र्याखालच्या फटीतून दोन पाय दिसले. लाल लोकरी मोजे, चपला नाहीत, आमच्या बाजूला वळलेले. आत आई गात होती. पाय हलत नव्हते. दुसऱ्या दिवशीही होते, तिसऱ्याही. मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि समाधानच जास्त होतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी इमारतीचे व्यवस्थापक दारात आले. टोपी हातात घेऊन, आमच्या चपलांकडे बघत ते म्हणाले की कोणालाही उद्देशून नाही, पण सकाळच्या वेळी जरा शांतता ठेवता आली तर फार उपकार होतील, त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. मी मराठीत सांगितलं. बाबांनी विचारलं, "कोण म्हणतंय?" व्यवस्थापकांनी हवा दातांतून आत ओढली, मान एका बाजूला कलती केली, पुन्हा क्षमा मागितली आणि गेले. आमच्या पुण्याच्या सोसायटीत ज्याला त्रास होई तो जिन्यात उभा राहून नावानिशी ओरडे. दुपारपर्यंत भांडण आणि संध्याकाळपर्यंत चहा. इथे तक्रारीला तोंडच नव्हतं. आणि तोंड नसलेली तक्रार सगळ्या तोंडांना चिकटते. आईचा चेहरा उतरला. आमच्या घरातून सकाळी दुसरं काय ऐकू जाणार होतं?

"तोच," बाबा पत्र्याकडे बघून हळू म्हणाले. "कान लावून उभा असतो ना रोज."

आईनं बेसनाचे लाडू केले, डबा सुरेख कागदात बांधला आणि माझ्याबरोबर पलीकडे नेऊन दिला. बोलायला तिच्याकडे जपानी नव्हतं, मला शब्द सुचले नाहीत. आम्ही नुसत्या वाकलो. फुमिए-सानही वाकल्या, पण डबा घेताना त्यांचे हात अवघडले. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दाराच्या मुठीला पिशवीत लटकत होता, कागद न फाडलेला. आईनं तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. तिच्या हातचं असं कोणी कधी परत पाठवलं नव्हतं. ते लाडू मी खाल्ले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्याचाही राग येत होता, इतके ते चांगले झाले होते.

मग आमचं घर दबकं झालं. कुकर शिट्टी व्हायच्या आत उतरवायचा, मिक्सर रविवारी दुपारीच, भाकरी बंद, पोळ्या सुरू. आई गायला आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात बसू लागली, जिथे दिवसा गाद्या रचून ठेवतात. खालच्या कप्प्यात गाद्यांना पाठ लावून, दार सरकवून, यंत्रावर टॉवेल गुंडाळून. मी एकदा दार उघडलं तर ती अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, घामेजलेली. "गाद्यांना ऐकवतेय," ती म्हणाली आणि हसायला गेली, ते जमलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनं यंत्र त्याच कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. सकाळी उठल्यावर घरात फक्त फ्रिजची घरघर आणि बाबांची कवायत. काही दिवसांनी जेवताना, आमटी वाढता वाढता, ती बाबांना म्हणाली, "सईची शाळा मार्चमध्ये संपेल. मी तिला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही करा इथे काय करायचंय ते."

"अगं, वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"माझा रोज सकाळचा आहे," आई म्हणाली.

माझ्या मैत्रिणी, माझी सायकल, माझी भाषासुद्धा तोवर इथली झाली होती. पण त्याहून मला धास्ती होती ती घर दोन देशांत वाटलं जाण्याची. आई पुण्यात, बाबा इथे, आणि मी फोनवर. ती रात्र आणि त्यापुढचे कितीतरी दिवस मी त्या लाल मोज्यांचा मनापासून द्वेष केला. वय तेरा होतं; द्वेष करायला ते चांगलं वय असतं.

जानेवारीत व्यवस्थापक पुन्हा आले. पुन्हा टोपी हातात, पुन्हा कोणालाही उद्देशून नाही, पुन्हा सकाळची शांतता. या वेळी आई आतून बाहेर आली आणि मराठीतच म्हणाली, "आता अजून काय बंद करू? श्वास?" मी त्याचं भाषांतर केलं नाही. बाबा मात्र पेटले. आता गाणंही नाही, तरी तक्रार! म्हणजे याला आवाजाचा त्रास नाहीच, याला आपलाच त्रास आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बाहेर अजून धड उजाडलंही नसताना, मला फटीतून पुन्हा लाल मोजे दिसले. आत कोणी गात नव्हतं. मी बाबांना हाक मारली. त्यांनी बघितलं, पायजम्यावर स्वेटर चढवला आणि बाल्कनीत जाऊन पत्र्यावर मूठ हाणली. पलीकडून तशीच मूठ आली. बाबांनी दोनदा हाणली. पलीकडूनही दोनदा. "अहो, तुटेल तो!" आई ओरडली. मग दोन्हीकडची दारं एकदमच उघडली आणि आम्ही पाचही जण बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात समोरासमोर उभे राहिलो, बाबा अनवाणी, रेमी लाल मोज्यांत, काळ्या चष्म्याशिवाय. डोळे सुजल्यासारखे आणि अगदी फिकट निळे होते.

बाबांचं जपानी मीटिंगपुरतं. त्यात आभार मानता येत, भांडता येत नसे. रेमीचं त्याहून तोकडं. तेव्हा भांडणाचा मार्ग असा ठरला: बाबा मराठीत मला, मी जपानीत फुमिए-सानना, त्या फ्रेंचमध्ये त्याला.

"विचार त्याला," बाबा म्हणाले, "दोनदा तक्रार करून समाधान झालं नाही का?"

मी फुमिए-सानना म्हणाले, "बाबा विचारतायत, आमच्या घरातल्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो का."

त्यांनी सांगितलं. रेमी हात उडवत, घोगऱ्या, फाटक्या कुजबुजीत बरंच काही बोलला. फुमिए-सान माझ्याकडे वळून अदबीनं म्हणाल्या, "ते म्हणतात, त्रास कसला. उलट आमच्यामुळे तुम्हालाच त्रास झाला असावा."

"बाबा, तो म्हणतोय की त्रास आपल्यालाच झाला असेल."

"टोमणा मारतोय! बघा, टोमणा मारतोय!"

आम्ही दोघी मधल्या मध्ये शब्द मऊ करत होतो आणि जितके मऊ करावेत तितकं दोन्हीकडे तापत होतं. शेवटी आईनं माझा दंड धरला. "सई, मऊ करू नकोस. आहे तसं सांग."

मग मी सांगितलं. रडतच सांगितलं, आणि रडताना जपानीतल्या अदबीची रूपं माझ्याकडून सुटून गेली. तुम्ही तक्रार केलीत. माझी आई गायची, आता गात नाही. लाडू परत पाठवलेत. मार्चमध्ये आम्ही दोघी जाणार आहोत आणि बाबा इथे एकटे राहणार आहेत. फुमिए-साननी तेच नवऱ्याला सांगितलं. आणि त्यांच्याही आवाजावरून मला कळलं की त्यांनीही या वेळी काही मऊ केलेलं नाही. रेमीनं माझ्याकडे, मग आईकडे बघितलं. एकच वाक्य बोलला.

"ते म्हणतात," फुमिए-सान म्हणाल्या, "तक्रार तर तुम्ही केलीत ना? त्यांच्याविरुद्ध?"

व्यवस्थापक त्यांच्याही दारात आले होते. दोन्ही वेळा. टोपी हातात घेऊन, त्याच शब्दांत. ते सगळ्याच दारांत गेले होते, इथे तसंच करतात, म्हणजे कोणाची मान खाली जात नाही. आणि नंतर आम्ही लाडू घेऊन गेलो. फुमिए-सान अवघडून म्हणाल्या, "आमच्याकडे काही चूक केली की गोड घेऊन जातात. आम्हाला वाटलं, तक्रार केल्याचं वाईट वाटून आणलंय." पण संशय असा एका वाक्यानं फिटत नाही. "मग हा रोज पत्र्याला कान लावून काय करत होता?" बाबांनी विचारलं, आणि मी जसंच्या तसं विचारलं.

रेमीनं पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सूर लावला. खालचा, खोल, खरखरीत, कडेनं फाटलेला. आईचा सा होता तो. आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती हात किंचित वर उचलून म्हणाली, "उतरलाय. थोडा वर."

त्यानंतर चहा त्यांच्याकडे झाला. रेमीची सगळी हकिगत मला त्या दिवशी आणि पुढे वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी फुमिए-सानकडून कळली. ती फ्रेंचमधून जपानीत आणि जपानीतून माझ्या मराठीत आली आहे, तेव्हा वाटेत काय सांडलं ते देव जाणे. तो एका बंदराच्या गावचा. वडील कुलपं दुरुस्त करत आणि मुलानंही तेच करावं असं त्यांचं म्हणणं. पोरगा मात्र बेकरीच्या तळघरात मित्रांबरोबर गिटार बडवी. रेडिओवर अमेरिकी गाणी लागत, शब्द कळत नसत, तर तो तसेच वाटणारे आवाज जुळवून गाई. पुढे एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं त्याला फ्रेंच शब्द दिले, चामड्याचं जाकीट दिलं, आणि मिसरूड फुटलेल्या वयात तो पोस्टर होऊन गावोगावच्या पोरींच्या खोलीतल्या भिंतीवर जाऊन बसला. लोकांनी खुर्च्या मोडल्या, वर्तमानपत्रांनी शिव्या घातल्या, तो आणखी गाजला. त्याला गाणं म्हणजे ओरडणं एवढंच ठाऊक होतं आणि ओरडण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. मग फॅशन बदलली. तो समुद्रकाठच्या जुगारघरांत गायला, सुपरमार्केटच्या उद्घाटनांना गायला, दोन लग्नं मोडली. लोक टाळ्या वाजवत तेव्हा त्याला वाटे, या टाळ्या त्या भिंतीवरच्या पोराला आहेत, मला नाहीत. हा संशय त्याला आयुष्यभर पुरला. जपानमध्ये मात्र त्याचं एक संथ गाणं कॉफीच्या जाहिरातीत वाजलं आणि इथल्या माणसांनी ते जपून ठेवलं. तो इकडे दौऱ्यावर आला, दुभाषी म्हणून फुमिए-सान मिळाल्या, आणि त्या उरल्या. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलं, ओरडायचं कायमचं विसरा. म्हणजे त्याच्या दृष्टीनं गायचंच विसरा. फुमिए-सानच्या आईच्या मागे रिकामं राहिलेलं हे घर त्यांच्याकडे होतं. ती दोघं ग्योतोकुला आली.

"इथे आल्यावर ते मला म्हणाले, शेजाऱ्यांचं एखादं यंत्र बिघडलंय, पहाटे गुणगुणतं," फुमिए-सान सांगत होत्या. "मी ऐकलं आणि म्हटलं, यंत्र नाही, बाई आहे." न ओरडता, एकाच स्वरावर, एवढा वेळ कोणी उभं राहू शकतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो बाल्कनीत येऊन ऐकू लागला, मग आत न्हाणीघरात जाऊन हळूच तसं करू लागला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा घशातून काहीतरी निघालं जे त्याला गाण्यासारखं वाटलं. तेवढ्यात व्यवस्थापक आले. शेजाऱ्यांनी भिंत ठोकावी याची त्याला जन्मभराची सवय. तक्रार आपल्याविरुद्धच, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. तो गप्प झाला, पलीकडची बाईही गप्प झाली. रोज पहाटे तो बाहेर येऊन बघे, आज तरी सुरू होतं का.

बाबांनी हे सगळं चहाचा कप न उचलता ऐकलं. भिंतीवर एक जुनं पोस्टर होतं, कपाळावर केसांची झुलपं, जाकिटाला झालर, ओठ वाकडा केलेला पोरगा. बाबा उठून त्याच्याजवळ गेले, मग वळून रेमीला नखशिखांत न्याहाळलं, परत पोस्टर. आई शरमेनं अर्धी झाली. "अहो, बसा ना."

"कान," बाबा म्हणाले. "पासपोर्टच्या फोटोत कान बघतात. बाकी सगळं बदलतं, कान नाही." आणखी जरा निरखून ते खुर्चीत येऊन बसले. "तोच आहे," असं म्हणून त्यांनी एकदाचा चहा घेतला.

पुण्याचा बेत आईनं रद्द केला नाही. फक्त पुन्हा काढला नाही, आणि मार्च आला तसा गेला. कपाटातून यंत्र खाली आलं. पहाटे आई तातामीवर बसे, पत्र्याच्या दोन्ही बाजूंची बाल्कनीची दारं उघडी असत. एकीकडून आईचा सा, दुसरीकडून तो खरखरीत सा, किंचित खाली. आई मराठीत ओरडे, "वर! वर!" तो वर येई, पुरता कधीच येत नसे. "हट्टी आहे," आई म्हणे, पण तिचा चेहरा उजळलेला असे. मी मात्र श्वास रोखून व्यवस्थापकांच्या टोपीची वाट बघत होते. कारण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. आम्ही नाही, ते नाही, तर मग तक्रार होती कोणाबद्दल?

उत्तर एप्रिलमध्ये मिळालं. बाबा कंपनीच्या कामाला ओसाकाला गेले होते. त्या दिवसांत आई आणि रेमीनं कहर केला होता. रेमीला टोकियोतल्या एका छोट्या सभागृहात गायला बोलावलं होतं आणि दोघं खर्जावरून थेट मध्य सप्तकापर्यंत चढत होती. मी आईबरोबर कचरा टाकायला खाली गेले तर खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, आमच्या घराच्या बरोबर खाली राहणाऱ्या. त्या हसल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "हल्ली सकाळ किती शांत झाली आहे. माझा छताला टांगलेला दिवा आता हलत नाही. आभारी आहे हं."

मी आईला सांगितलं. आई कचऱ्याची पिशवी हातात धरून उभी राहिली. तिनं मला विचारलं, "दिवा म्हणाली? गाणं नाही?" मग ती हळूहळू वर बघू लागली, तिसऱ्या मजल्याकडे, जिथे रोज सकाळी पियानोच्या तालावर एक माणूस जपानीत आकडे मोजत उड्या मारी. तिला हसू फुटेल असं मला वाटलं होतं. ती आधी रागानं लाल झाली. तीन महिने, ती म्हणाली, तीन महिने मी गाणं कोंडून ठेवलं, आधी त्या गाद्यांत, मग मनात. जिन्यात तिला हसू आलं, आणि मग थांबेना, शेवटी आम्ही दोघी पायरीवर बसलो.

बाबा परतले त्या रात्री त्यांनी जेवताना सगळं ऐकून घेतलं. पुरावा मागितला. आईनं दिला: मी गप्प असताना तक्रार झाली, तुम्ही नसताना दिवा थांबला. बाबांनी पुष्कळ पळवाटा तपासून बघितल्या आणि एकही निघाली नाही. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांनी तपासल्या होत्या, आपल्या उड्या सोडून. ते उठले, आतल्या खोलीतून एक गादी ओढत आणली आणि टीव्हीसमोर अंथरली. "उद्यापासून हिच्यावर," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते लाडवांचा डबा घेऊन आजींकडे गेले. आजींनी तो ठेवून घेतला, आणि का आणलाय ते अर्थातच विचारलं नाही.

रेमी त्या छोट्या सभागृहात गायला, मग आणखी काही ठिकाणी. पुढे काही वर्षांनी, आम्ही फुनाबोरीला आलो त्यानंतर, त्याच्याच देशानं त्याला शेवटचं एकदा बोलावलं. फुमिए-साननी त्याचं चित्रण आम्हाला पाठवलं आणि सोबत लिहिलं की तिकडे फार बोभाटा चाललाय. या वयाचा, घसा कापलेला माणूस गाण्याआधी एवढा वेळ एकच स्वर धरूच शकत नाही. आवाज आधी भरून ठेवलाय, तो नुसता तोंड हलवतोय, असं लोक म्हणतात. रेमी जेवत नाहीये.

बाबा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ खुर्ची ओढली. मोठा काळोखा मंच होता, हजारो माणसं, आणि प्रकाशात एकटा पांढऱ्या केसांचा माणूस, हातात गिटारही नाही. बाबांनी आधी कान बघितले. मग रेमीनं पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि खर्ज लावला. तो लांबत गेला. एवढं चांगलं कसं काय, हे शब्द बाबांच्या ओठांवर येताना मला दिसले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता, बाहेर न येताच म्हणाली, "उतरलाय गं."

बाबांनी खुर्चीला पाठ टेकली.

"लिही फुमिए-सानना," ते मला म्हणाले. "खरा आहे तो."